गोडादऱ्यातले बोटीचे इंजिन

सुरत म्हटले की आपल्याकडच्या बायकांना रिंग रोडचे साडी मार्केट आठवते आणि पुरुषांना घारी. गोडादऱ्याचे नाव कुणी घेत नाही. लिंबायतला लागून असलेला हा भाग पाहायला म्हणून कुणी जात नाही. तिथे आपले माणूस असेल तरच जाणे होते. माझी धाकटी बहीण तिथे राहते. यंदा संक्रांतीला तिच्याकडे गेलो होतो. तिळगूळ द्यायला गेलो आणि एका बोटीच्या इंजिनात अडकलो, त्याची ही हकिकत.

बेळगावहून सुरतेला जायला म्हैसूर-अजमेर एक्सप्रेस सोयीची. मिरजेपर्यंत डब्यात कन्नड, पुण्यापर्यंत मराठी, कल्याणला हिंदी आणि वसई सोडली की गुजराती. चहावाल्याच्या आरोळीवरून आपण कुठवर आलो ते झोपेतसुद्धा कळते. गोडादऱ्यात मात्र या चारही भाषा एकाच गल्लीत भेटतात. एकाला एक चिकटलेली अरुंद घरे, खाली एम्ब्रॉयडरीचे मशीन किंवा किराणा, वर संसार. दुपारी बायका उंबऱ्यात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत असतात आणि कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो त्यांच्या पायाला घासून जातात. खानदेशातली माणसे इथे फार. नंदुरबार, अमळनेर, जळगावहून येणारा तापीकाठचा लोहमार्ग उधन्याला येऊन मिळतो; दोन-तीन पिढ्या त्याच गाडीने आल्या आणि इथेच राहिल्या. त्यामुळे गल्लीत मराठीपेक्षा अहिराणीच जास्त कानावर पडते. आपल्या ‘आहे’ला ते ‘शे’ म्हणतात. पहिल्या दिवशी गंमत वाटते, तिसऱ्या दिवशी आपणही म्हणू लागतो.

दाजींचे घराणे मूळचे वडगावचे, विणकरांचे. घरात कन्नड. त्यांच्या आई, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो, इतकी वर्षे सुरतेत राहूनही भाजीवाल्याशी कन्नडातच घासाघीस करतात आणि तो गुजरातीत उत्तर देतो. भाव मात्र दोघांना बरोबर कळतो. दाजी तरुणपणी सुरतेला आले, दुसऱ्याच्या मागावर राबले आणि मग स्वतःचे सहा माग टाकले. त्या सहा मागांवर दोन मुलींची लग्ने झाली. पण धोट्याचे जुने माग आता चालत नाहीत. रॅपिअर आणि वॉटरजेट आले, त्यांच्या वेगापुढे धोटा टिकत नाही. दोन वर्षांपूर्वी दाजींनी सहाही माग विकले, तेही वजनावर. ट्रक भरून निघाला तेव्हा अव्वा दारात उभ्या होत्या. एवढेच म्हणाल्या, “हळे कब्बिण.” जुने लोखंड. ज्यांना कन्नड येते त्यांना त्या दोन शब्दांतला उसासा सांगायला नको.

मागांचे आलेले पैसे दाजींनी बँकेत ठेवले होते आणि त्यांना हात लावायचा नाही असे ठरले होते. ते आता जीपसाठी काढायचे की नाही, यावरून घरात धुसफूस चालू होती.

जीप १९८९ची, महिंद्राची एमएम ५४०. दाजींनी ती पुढे आठ-नऊ वर्षांनी दुसऱ्याकडून घेतली. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडले आणि तापीने सुरत बुडवली. पाणी थोडे ओसरताच हीच जीप पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन अडाजणच्या नातेवाइकांकडे गेली होती. सौंदत्तीच्या यात्रेला ती दोनदा येऊन गेली आहे. गेल्या दिवाळीत सापुताऱ्याच्या चढावर तिचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. इंजिनाच्या पोटाला हात जाईल एवढे भोक. गाडी ओढून आणली तेव्हापासून ती गल्लीच्या तोंडाशी उभी, आणि इंजिन बाजूला एका टायरवर.

भाच्याने शोध घेऊन एक इंजिन हेरून ठेवले होते. मी पोचलो त्या संध्याकाळीच तो म्हणाला, “मामा, तुम्ही फक्त बघून सांगा. बोटीचे आहे, पण व्होल्वो आहे!” व्होल्वो म्हटले की आपल्याला बंगळूरची ऐरावत बस आठवते. त्याच्या डोळ्यांपुढेही तसेच काही असावे.

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून जन्म काढला. आमच्या हातून लाकडाचा नमुना व्हायचा, त्यावरून वाळूचा साचा आणि साच्यात ओतीव. ब्लॉक, हाउसिंग, पंपाच्या बॉड्या, सगळे पाहिले आहे. इंजिन चालवणाऱ्याला त्याचा आवाज कळतो, मला त्याचा बाहेरचा आकार कळतो. भाच्याला वाटले मामाला सगळेच कळते, तो त्याचा मोठेपणा.

पर्वत पाटियाच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते इंजिन होते. आजूबाजूला कॉम्प्रेसर, पंप, जनरेटर, पितळी व्हॉल्व्ह, एक गोल खिडकीसुद्धा. सगळा माल अलंगचा. अलंग म्हणजे भावनगर जिल्ह्यातला समुद्रकिनारा, जिथे जगभरची म्हातारी जहाजे मोडीत काढतात. १३ फेब्रुवारी १९८३ला पहिले जहाज तिथे किनाऱ्यावर चढवले गेले. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला जहाज थेट वाळूवर चढवायचे, पाणी उतरले की ते कोरड्यावर, आणि मग गॅसकटर घेऊन माणसे त्यावर चढतात. पत्रा रोलिंग मिलला जातो. बाकीचे, म्हणजे कपबशांपासून जीवरक्षक बोटींपर्यंत, अलंगच्या वाटेवरच्या दुकानांत विकायला बसते आणि तिथून गावोगाव जाते. २०२०च्या नोव्हेंबरात हजिरा-घोघा फेरी सुरू झाली तेव्हापासून आखाताला वळसा घालावा लागत नाही, ट्रकसुद्धा बोटीत बसून सुरतेला येतो.

शेडचे मालक काठेवाडचे, बोलायला गोड. इंजिन हिरव्या रंगात न्हाऊन निघालेले. वर पितळी पट्टी : व्होल्वो पेंटा, एमडी २१. किंमत पासष्ट हजार. “लाइफबोटचे आहे, साहेब. चाललेच नाही. नवे समजा.” मी वजनाचा भाव विचारला, तेव्हा ते हसले. तेवढेच लोखंड भंगारात घातले तर दहा हजारसुद्धा येणार नाहीत. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता की ही वस्तू इंजिन आहे की हळे कब्बिण. मधले पंचावन्न हजार त्या एका उत्तराचे.

जुने इंजिन ओळखायचे तर पुरावा तीन प्रकारचा असतो आणि तिन्हींची किंमत सारखी नसते. पहिली रिव्हेट मारलेली पट्टी. ती पाच मिनिटांत निघते आणि दुसऱ्यावर बसते. या पट्टीच्या चार रिव्हेटांपैकी दोन काळवंडलेल्या आणि दोन चकचकीत होत्या. दुसरा पुरावा ठोकलेला नंबर. तो पंचने लोखंडात खोल मारलेला असतो, पण कानशीने घासून पुन्हा ठोकणारे महाभाग असतात. तिसरी उठावाची अक्षरे, जी ओतीव होतानाच आलेली असतात. ती पॅटर्नमधून येतात. ती कुणाला नंतर लावता येत नाहीत, कारण ती आणि ब्लॉक एकाच भट्टीच्या रसाचे. मला भरवसा फक्त तिसऱ्यावर, आणि त्याहून जास्त ब्लॉकच्या आकारावर. बोल्टांची भोके किती, कुठे आणि किती अंतरावर, हे कुणी रंगाने बदलू शकत नाही.

भाच्याने तोवर फोनवर शोधून ठेवले होते आणि ते मलाही पटण्यासारखे होते. व्होल्वो पेंटा ही बोटींची इंजिने करणारी स्वीडनची कंपनी खरी, पण तिची सगळी इंजिने स्वतःच्या ओतकामातली नव्हती. एमडी २१ हे मुळात फ्रान्सच्या प्युजोचे डिझेल इंजिन, एक्सडीपी ४.९०. त्याला समुद्राचा साज चढवून व्होल्वो पेंटाने ते हिरव्या रंगात विकले. आता गंमत पाहा. महिंद्राने १९७९मध्ये प्युजोशी करार केला तो याच एक्सडीपी ४.९० साठी. ते इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि आपल्या जीपमध्ये बसले. दाजींच्या एमएम ५४० मध्ये फुटले तेही तेच! भाचा ज्याला परदेशी पाहुणा समजत होता तो सख्खा चुलतभाऊ निघाला. मात्र पट्टी खरी असेल तर.

मोटारीच्या इंजिनाने बोटीत जाणे ही तशी नेहमीची गोष्ट. अँबॅसडरमध्ये १९८०च्या सुमारास आलेले दीड लिटरचे बीएमसी डिझेल इंग्लंडच्या कालव्यांतल्या अरुंद बोटींत वर्षानुवर्षे चालत आले. कारवारच्या बंदरात ट्रॉलरवर चढून पाहिलेत तर खाली अशोक लेलँडचे इंजिन धडधडताना दिसेल, ट्रकवाल्याला ते आवाजावरून कळते. इंजिन करणारे मोजके, आणि त्यांना चाक फिरवायचे की पंखा याच्याशी फारसे देणेघेणे नसते. उलटा प्रवास, म्हणजे बोटीतून गाडीत, तेवढा होत नाही. त्याला कारणे आहेत, ती पुढे येतीलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या मिस्त्रींना बरोबर घेतले. ते अमळनेरकडचे, जीपवरच हात बसलेला. निघण्याआधी मी दाजींच्या फुटक्या इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, टायमिंग कव्हरवर, बहिणीच्या घरातला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा धरला आणि हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने ठोकत त्याचा नकाशा उतरवला. बोल्टाच्या जागी भोके पाडली. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती, मोजमापाच्या वहीपेक्षा पुठ्ठा खोटे कमी बोलतो. अव्वा पायरीवरून पाहत होत्या. “इदु याव इंजिन?” असे त्यांनी विचारले. हे कोणते इंजिन? मी म्हटले, “तेच बघायला चाललोय, अव्वा.”

शेडमध्ये हिरव्या इंजिनाच्या तोंडाला पुठ्ठा लावला. समुद्राचे पाणी खेचणारा एक पंप मध्ये येत होता, तो मिस्त्रींनी सोडवला. त्यानंतर पुठ्ठ्याच्या एकेका भोकातून एकेक बोल्ट डोकावला. मिस्त्री वाकून पाहत होते, ते एकदम सरळ झाले आणि म्हणाले, “हाई ते आपलंच शे, भो!”

एवढ्यावर पैसे मोजायचे नव्हते. प्युजोच्या याच घराण्यात ४.८८ नावाचे धाकटे भावंडही आहे आणि बाहेरून दोघे सारखेच दिसतात. नावातच खूण आहे. चार म्हणजे चार सिलिंडर आणि पुढचा आकडा बोअरचा, मिलिमीटरमध्ये. ४.९० चा बोअर ९० आणि स्ट्रोक ८३. गुणाकार केला की चारही सिलिंडरचे मिळून २११२ सीसी येतात, जीपच्या कागदांवर आहे तोच आकडा. ४.८८ चा बोअर ८८ आणि स्ट्रोक ८०. पण हा हिशेब सगळीकडे लावू नका. पर्किन्स ४.१०८ मध्ये १०८ हा बोअर नव्हे, ते घन इंच आहेत, म्हणजे साधारण पावणेदोन लिटर. प्रत्येक घरची आडनावे ठेवायची रीत वेगळी.

हेड उघडल्याशिवाय बोअर मोजता येत नाही. मालक आधी नाही म्हणाले. पाच हजार अनामत ठेवतो, इंजिन नाही घेतले तर हेड परत बसवून देतो, या बोलीवर तयार झाले. मिस्त्रींनी दीड तासात हेड उतरवले. मी व्हर्नियर लावला : नव्वद, आणि वर केसाएवढे. पिस्टन खालपासून वरपर्यंत फिरवून खोली मोजली : त्र्याऐंशी. मग भाच्याने पिशवीतून दाजींच्या जीपचे जुने हेड गॅस्केट काढले आणि त्या ब्लॉकवर ठेवले. हेडबोल्टची भोके, पुशरॉडच्या वाटा, चार गोल खिडक्या, सगळे जिथल्या तिथे. पट्टीच्या रिव्हेटा नव्या असोत की जुन्या, ब्लॉक प्युजोचाच होता.

आता ‘चाललेच नाही’ हे खरे किती, ते पाहायचे होते. इथे समुद्राचा एक कायदा उपयोगी पडला. टायटॅनिक १९१२मध्ये बुडाल्यावर जहाजांवरच्या माणसांच्या सुरक्षेसाठी ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो सुधारून आजही चालू आहे. त्यात जीवरक्षक बोटीच्या इंजिनाचे नियम आहेत. ते डिझेलचेच हवे, उणे पंधरा अंश थंडीतही दोन मिनिटांत सुरू व्हायला हवे, आणि दर आठवड्याला किमान तीन मिनिटे चालवून पाहायलाच हवे. हिशेब करा. आठवड्याला तीन मिनिटे म्हणजे वर्षाला अडीच तासांच्या वर थोडे. पंचवीस वर्षे जहाजावर काढली तरी पासष्ट-सत्तर तास. आपली जीप बेळगावहून सुरतेला दोन-तीनदा येऊन गेली की तेवढे तास होतात. पण त्याच पंचवीस वर्षांत इंजिन सुरू केले गेले तेराशे वेळा.

म्हणजे खरेच लाइफबोटीचे असेल तर आतला बोअर ताजा हवा आणि स्टार्टर लागतो ती रिंग गिअर खाल्लेली हवी. बोअरच्या वरच्या टोकाला नख फिरवले. खूप चाललेल्या इंजिनात तिथे पायरी लागते, पिस्टनच्या रिंगा जिथवर जातात तिथवर लोखंड झिजते आणि वर कडा उरते. इथे नख अडकले नाही म्हटले तरी चालेल. मग फ्लायव्हील फिरवले. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरलेल्या जागीच थांबते, म्हणून स्टार्टरचे दात समोरासमोरच्या दोन ठिकाणीच बसत राहतात. नेमक्या त्या दोन ठिकाणी रिंग गिअरचे दात टोकदार झाले होते, बाकीचे कोरे. इतके मालक बोलले नव्हते, पण त्यांच्या मालाने त्यांची बाजू घेतली. मी तसे त्यांना सांगितलेही. ते खूश होऊन चहा मागवायला गेले.

मला मात्र चहा गोड लागला नाही, कारण खरी भीती वेगळीच होती. तीन मिनिटे चालून बंद होणारे इंजिन कधी नीट तापत नाही. आत ओल धरते. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे एक तांबडे वलय होते, पिस्टन वर्षानुवर्षे एकाच जागी थांबल्याचे. ते होनिंगने निघेल असे मिस्त्री म्हणाले, मलाही तसेच वाटले. त्याहून मोठी गोष्ट मिठाची. बोटीत रेडिएटर नसतो, समुद्रच रेडिएटर. काही इंजिनांत खारे पाणी सरळ ब्लॉकमधून फिरवतात. काहींत ब्लॉकमध्ये गोडे पाणी आणि बाहेर नळ्यांचा एक डबा असतो, हीट एक्स्चेंजर, त्यात खारे पाणी त्या गोड्याला थंड करते. पहिल्या प्रकारचे असेल तर ब्लॉकच्या पोटात मीठ आणि गंज मिळून लोखंड पापुद्र्यासारखे सुटते. बाहेरून हिरवेगार आणि आतून वाळवी लागलेले लाकूड. असे इंजिन पासष्ट हजारांना काय, फुकटही घरी आणू नये.

या इंजिनावर नळ्यांचा डबा होता. पण डबाही नंतर लावता येतो. म्हणून ब्लॉकच्या बाजूची एक चकती, ज्याला आपल्याकडे बुच म्हणतात, ती मिस्त्रींना काढायला लावली. बॅटरीच्या उजेडात स्क्रूड्रायव्हरने आत खरवडले. काळा गाळ निघाला, बोटांत चिकट, गोड्या पाण्याच्या इंजिनात असतो तसा. खाली धातू टणक, टोचले की ठणका परत हाताला येत होता. पांढरी खपली नाही. दोन ठिकाणी पाहिले, दोन्हीकडे तेच. त्या क्षणी मी भाच्याकडे पाहून मान हलवली. दाजी शेडच्या दारात उभे होते, आत आले नव्हते. त्यांनी ती मान पाहिली.

बोटीतून गाडीत येताना काय काय टाकावे लागते, ते ज्यांना असा विचार मनात असेल त्यांच्यासाठी सांगतो. पाण्याचे आवरण असलेला धुराचा मॅनिफोल्ड निघणार. रिव्हर्स गिअरचा डबा निघणार. फ्लायव्हील निघणार, कारण बोटीत पायाखाली क्लच नसतो आणि त्या फ्लायव्हीलला प्रेशर प्लेट बसायची सोयच नसते. तेलाचे चेंबर निघणार, बोटीत इंजिन तिरपे बसते आणि चेंबरचा आकार त्याप्रमाणे, ते जीपच्या पुढच्या अॅक्सलवर आपटेल. डिझेल पंपाचा गव्हर्नर एका वेगावर धरून चालायला लावलेला, तो गाडीसाठी पुन्हा जुळवून घ्यावा लागणार. आणि रेडिएटर, पंखा हवाच. हे सगळे भाग दाजींच्या फुटक्या इंजिनावर शाबूत होते. फुटला होता तो फक्त ब्लॉक, आणि आतला क्रँक गेला होता. म्हणून तर एवढा आटापिटा. दुसऱ्या घराण्याचे इंजिन, कितीही चांगले असते तरी, बेल हाउसिंगपासून माउंटिंगपर्यंत सगळे नव्याने घडवावे लागले असते. तो खर्च इंजिनाच्या वर जातो आणि गाडी वर्षभर गॅरेजात पडून राहते. बरीच गॅरेजे अशा अर्धवट हौसेने भरलेली आहेत.

भाव पंचेचाळीसवर आला. मग बिलाचा विषय निघाला आणि तिथे गाडी पुन्हा अडली. मालकांचे बिलबुक लोखंडी भंगाराचे. तेवढ्याच किमतीला ‘भंगार, अमुक किलो’ असे लिहून द्यायला ते आनंदाने तयार. इंजिन म्हणून, नंबर घालून बिल हवे असेल तर वेगळा कर आणि वेगळी कटकट. दाजींना त्यात काही वावगे वाटेना. मला वाटत होते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ असे की, नोंदणीपत्रात लिहिलेले एक आणि गाडीत दुसरे, असे मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परवानगी हवी, आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवून नोंदणीपत्रात नवा नंबर चढवून घ्यायला हवा. कागदावर भंगार असलेल्या वस्तूचा नंबर कोण चढवणार? उद्या अपघात झाला तर विम्याचा माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडून नंबरच पाहतो.

शेडमधल्या एका पोऱ्याने उपाय सुचवला. जुन्या इंजिनाचा नंबर या ब्लॉकवर ठोकायचा, पंचाचा संच त्याच्याकडे होता, पाचशे रुपये. कुणाला कळणार? मी त्याला ब्लॉकवरची ती जागा दाखवली. ओतकामाची कातडी खरबरीत असते आणि नंबरासाठी एक छोटा चौकोन मशीनने सपाट केलेला असतो. तो चौकोन एकदा कानशीने घासला की खाली बसतो आणि टॉर्च तिरपी धरली तर आंधळ्यालाही कळतो. आणि कळो न कळो, तो गुन्हा आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे माग चालवून एकाही बँकेचा हप्ता चुकवला नाही, त्याच्या गाडीवर खोटा नंबर ठोकायचा? दाजी त्या पोऱ्याला काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून कन्नडात एवढेच म्हणाले, “ब्याड.” नको.

शेवटी असे ठरले. पाच हजारांची अनामत तशीच राहील. मालक आपल्या हिशेबनिसाला विचारून इंजिन म्हणून, नंबर आणि ‘वापरलेले’ असा शेरा घालून बिल करतील, कराचे पैसे दाजी देतील. तोवर दाजी आरटीओत अर्ज करून आधी विचारतील की, याच घडणीचे पण दुसऱ्या कंपनीची पट्टी असलेले इंजिन चालेल का. अर्जाला ब्लॉकवरच्या नंबराचा पेन्सिलने घेतलेला ठसा, दोन्ही इंजिनांचे फोटो आणि बोअर-स्ट्रोकची मापे जोडायची. मापांचा कागद मी लिहून दिला, मराठीत. भाच्याने त्याचे गुजराती केले. परवानगी आली नाही तर मालक अनामत परत देतील, हेही त्याच कागदाच्या पाठीवर लिहून घेतले. बहीण म्हणाली की, घरातल्या सोयरिकीलासुद्धा एवढे कागद झाले नव्हते.

उत्तरायणाचा दिवस आम्ही गच्चीवर काढला. सुरतेत त्या दिवशी जमिनीवर कुणी नसतेच. गल्लीतली सगळी अहिराणी, मारवाडी, गुजराती गच्चीवर चढलेली, खाली रस्त्यावर कुत्री आणि तुटलेले पतंग. अव्वांनी सगळ्यांच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि ‘एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ असे प्रत्येकाला बजावले. मिस्त्रींनी अर्थ विचारला. भाच्याने सांगितला तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडेही हेच म्हणतात. उंधियू होते, शेवभाजी होती, मी बेळगावहून नेलेला कुंदा होता. दाजी कठड्याला टेकून खालच्या जीपकडे पाहत होते. तिच्या रिकाम्या तोंडावर बहिणीने एक जुनी सुरती साडी बांधली होती, पतंगाचा मांजा आणि धूळ आत जाऊ नये म्हणून.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. हिशेबनिसाने बिलाचा मसुदा करून दिला आहे. आरटीओत अर्ज घेतला, पण तिथल्या साहेबांना दोन्ही ब्लॉक शेजारीशेजारी ठेवलेला एक फोटो हवा आहे. म्हणून रविवारी टेम्पो करून फुटका ब्लॉक शेडमध्ये नेणार आहेत. पुठ्ठा जपून ठेवलाय ना, असे मी विचारले. तो म्हणाला, अव्वांच्या गादीखाली आहे.